हार्लेमची ब्लॅक हिस्ट्री वॉकिंग टूर, तीही आई-बाबांना घेऊन: माझा अनुभव

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, आई-बाबा ऑक्टोबरमध्ये नाशिकहून येतायत, बाबा रिटायर्ड शिक्षक, फुले-आंबेडकर वाचलेले, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलंय की स्टॅच्यू ऑफ लिबर्टी राहिला तरी चालेल पण हार्लेम, न्यूयॉर्कमधली ती ब्लॅक वस्ती, बघायचंय. आईचे गुडघे दुखतात. ऑफिसातले म्हणतात रविवारची गॉस्पेलवाली (ब्लॅक चर्चमधली भक्तिगीतं ऐकवणारी) बस टूर करा आणि मोकळे व्हा. तुम्हाला विचारायचंय की गाईड घ्यावा का फोनमध्ये बघत आपलं आपण फिरावं, सेफ आहे का, आणि शेवटी कंसात टाकलंय की असं दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन बघत उभं राहणं बरं दिसतं का.

खरा प्रश्न तो कंसातलाच आहे. बाकी सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात, म्हणून जरा लांब लिहिते.

मी गेली नऊ वर्षं न्यूयॉर्कमध्ये लायसन्सवाली गाईड आहे (इथे शहराची परीक्षा द्यावी लागते), आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार टूर, ग्रुप बहुतेक आपलेच, मराठी, गुजराती, थोडे तेलुगू. तरी पहिला सल्ला माझ्याच पोटावर पाय देणारा आहे: हार्लेमला पहिल्यांदा जाताय तर माझ्याबरोबर जाऊ नका, तिथेच वाढलेल्या ब्लॅक गाईडबरोबर जा. मी तारखा सांगेन, इमारती दाखवेन, पण "माझी आजी या चर्चच्या तळघरात रविवारी जेवण वाढायची" हे वाक्य माझ्याकडे नाही आणि असणारही नाही. तुमच्या कंसातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं. वस्तीतल्या माणसाने बोलावून दाखवलं, त्याचे पैसे त्याला मिळाले, तर ते पाहुणे म्हणून जाणं झालं. बसच्या काचेतून बघणं वेगळं.

बसबद्दल एकदाच बोलते आणि सोडून देते. लायसन्स घ्यायच्या आधी मी एका कंपनीच्या बसमधून गेले होते, आतला गाईड माइकवर सांगत होता की पूर्वी इथे यायची कुणाची हिंमत नव्हती, आता बघा किती छान झालंय, मोठी सुपरमार्केटं आली. बाहेर फुटपाथवर एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी वर आमच्याकडे बघितलं. ऐकू गेलं नसणार त्यांना. पण मला खिडकीत बसवेना.

आता टूर कशी असावी. माझी सगळ्यात पहिली हार्लेम टूर पार फसली, कारण मी तीन तासात बावीस जागा दाखवल्या. लोक शेवटी दमून विचारायला लागले "आता हे कोण?" तेव्हा कळलं की माणसांना जागा लक्षात राहत नाहीत, एक धागा धरला तरच राहतं. तेव्हापासून मी धागा एकच ठेवते, दार. कुठलं दार कुणाला बंद होतं, ते कोणत्या साली उघडलं, आणि कुणी उघडायला लावलं. नाशिकच्या माणसाला हे समजावायला फार लागणार नाही, २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारापुढे काय सुरू झालं ते बाबांना तोंडपाठ असेल.

गाईड कुणीही असो, एडिसनहून ट्रेनमध्ये बसलात की आई-बाबांना मराठीत एवढा सांगाडा सांगून टाका. हार्लेम आधी ब्लॅक नव्हतंच. डचांनी १६५८ मध्ये वसवलेलं गाव, नावही त्यांच्याच हार्लेमवरून. १८९०च्या दशकात बिल्डर लोकांना वाटलं की आता इथपर्यंत सबवे येणार, म्हणून धडाधड घरं बांधली, चांगली, उंच जोत्याची, गोऱ्या मध्यमवर्गासाठी. १९०४ मध्ये सबवे आली खरी पण तोवर घरं इतकी जास्त झाली होती की भाडेकरू मिळेनात आणि भाव पडले. (आपल्याकडे मेट्रो येणार म्हणून फ्लॅट घेऊन बसलेल्यांनी इथे स्वतःचं बघून घ्यावं.) त्याच सुमारास फिलिप पेटन नावाचा एक ब्लॅक इस्टेट एजंट होता. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की १३४व्या स्ट्रीटवर दोन गोऱ्या घरमालकांचं भांडण झालं, आणि एकाने दुसऱ्याची जिरवायची म्हणून आपली इमारत पेटनला ब्लॅक भाडेकरू भरायला दिली. बघा म्हणजे, एवढ्या मोठ्या इतिहासाच्या उंबऱ्यावर शेजाऱ्याचं भांडण! १९०४ मध्ये पेटनने कंपनी काढली. एका गोऱ्या कंपनीने काही इमारती विकत घेऊन ब्लॅक भाडेकरूंना बाहेर काढलं तर याने शेजारच्या इमारती घेऊन गोऱ्यांना बाहेर काढलं. कंपनी १९०८ मध्ये बुडाली पण तोवर दार किलकिलं झालं होतं.

त्यानंतर दक्षिणेतून माणसं यायला लागली, शेतावरच्या वेठीतून आणि झुंडीच्या हातून मरण्याच्या भीतीतून सुटून. १९१० ते १९७० या काळात साधारण साठ लाख ब्लॅक माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली, त्यातली बरीच इथे. त्यांना दुसरीकडे घर मिळत नाही हे मालकांना ठाऊक, त्यामुळे तेवढ्याच जागेला गोऱ्यांपेक्षा जास्त भाडं. मग पोटभाडेकरू ठेवायचे, आणि तरी महिनाअखेरीला कमी पडले तर घरातच पार्टी ठेवायची, दारात तिकीट, आत पियानो, जमलेल्या पैशांतून भाडं. लोक जॅझ-जॅझ म्हणतात त्यातला बराचसा अशा भाडं गोळा करायच्या रात्रींत वाजलेला आहे. एवढं ऐकून आलेला माणूस गाईडचं निम्मं इंग्लिश हुकलं तरी मागे पडत नाही. जागेवर उभं राहून कानात भाषांतर करत बसू नका, गाईडचा पण रसभंग होतो आणि तुमचं पण ऐकणं राहतं.

रस्ता मी असा घेते. आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तरी हा जमेल, सगळं मिळून दोन किलोमीटरच्या आत आहे आणि मध्ये बसायला जागा आहे.

पेन स्टेशनहून टू किंवा थ्री ट्रेन, १३५व्या स्ट्रीटला उतरा. तिथे लिफ्ट आहे, पण चालू आहे ना ते निघण्याआधी एमटीएच्या (इथल्या ट्रेन-बस चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर बघा, इथल्या लिफ्टचा काही भरवसा नाही. वर आलात की कोपऱ्यावरच शोम्बर्ग सेंटर. हे सार्वजनिक लायब्ररीचंच एक केंद्र आहे, आत फिरायला पैसे नाहीत, बाथरूम आहे (हे महत्त्वाचं, आधी उरकून घ्या). आर्तुरो शोम्बर्ग पोर्तो रिकोचा, लहानपणी शिक्षक त्याला म्हणाले होते की काळ्या लोकांना इतिहासच नाही, असं तो सांगायचा. मग हा माणूस बँकेत नोकरी करत आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत राहिला आणि १९२६ मध्ये तो संग्रह लायब्ररीसाठी १० हजार डॉलरला घेतला गेला. तुमचे बाबा शिक्षक आहेत, त्यांना इथेच अर्धा तास लागेल, लागू द्या.

आत एका दालनाच्या जमिनीत मोठं गोल नक्षीकाम आहे, नद्यांचं. त्याच्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. लोक त्यावरून चालतात, तसंच ते केलेलं आहे. माझ्या एका ग्रुपमध्ये कोल्हापूरचे एक आजोबा होते, त्यांना हे सांगितल्यावर ते बाजूला झाले, बूट काढले, वाकून फरशीला हात लावला आणि तो कपाळाला. तिथला सिक्युरिटीवाला आधी उठून उभा राहिला, मग परत बसला, आणि नंतर जाताना त्याने आजोबांना हात मिळवला. मी त्या दिवशी पुढची दोन मिनिटं काहीच बोलले नाही.

समोर हार्लेम हॉस्पिटल, लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे. त्याच्या काचेच्या दर्शनी भागावर काही मजले उंच रंगीत चित्रं आहेत, शेतात राबणारी, वाद्यं वाजवणारी, शिकणारी माणसं. ही मूळची १९३६च्या सुमाराची भित्तिचित्रं, सरकारी कामातून ब्लॅक चित्रकारांनी काढलेली, आणि तेव्हाच्या अधीक्षकाने हरकत घेतली होती की यात ब्लॅक विषय फार झालेत. आता तीच अख्ख्या इमारतीवर. इथे दाराची गोष्ट अशी की हॉस्पिटल ब्लॅक वस्तीत, पेशंट ब्लॅक, पण डॉक्टर गोरेच, १९१९ मध्ये लुई राइट हे पहिले ब्लॅक डॉक्टर आत आले. आणि १९५८ च्या सप्टेंबरमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना छातीत कागद कापायची सुरी खुपसलेल्या अवस्थेत इथेच आणलं. १२५व्या स्ट्रीटवरच्या एका दुकानात ते पुस्तकावर सह्या करत बसले होते, एका आजारी मनाच्या बाईने भोसकलं. पातं महाधमनीला टेकलेलं, शिंक आली असती तरी गेले असते असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढे मरणाच्या आदल्या दिवशीच्या भाषणातसुद्धा ते त्या शिंकेबद्दल बोलले. आता आपल्या कामाची गोष्ट: त्यातून बरे होत असतानाच ते १९५९ च्या फेब्रुवारीत भारतात आले, मुंबईत मणिभवनला राहिले. बाबांना मणिभवन माहीत असेल, या हॉस्पिटलहून तिकडे असा रस्ता गेलाय हे माहीत नसेल कदाचित.

तिथूनच १३५व्या स्ट्रीटकडे नुसती नजर टाका. १९११ मध्ये सेंट फिलिप्स नावाच्या ब्लॅक चर्चने या रस्त्यावरच्या ओळीने दहा इमारती विकत घेतल्या, ६ लाख ४० हजार डॉलरला, ज्यात तोवर फक्त गोरे भाडेकरू घ्यायचे. देवळाने वर्गणीच्या पैशातून चाळ विकत घेऊन आपल्या माणसांना खोल्या दिल्या असं समजा. चर्च म्हणजे गाणी नाहीत फक्त, चर्च म्हणजे बँक, शाळा, ऑफिस, सगळं. हे समजलं की १३८व्या स्ट्रीटवरचं अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट नीट कळतं: मंडळी १८०८ ची, आत्ताची दगडी इमारत १९२३ ची, आणि इथल्याच पाद्रीला, धाकट्या अ‍ॅडम क्लेटन पॉवेलला, लोकांनी १९४४ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून दिलं, न्यूयॉर्क राज्यातला पहिला ब्लॅक खासदार.

मग सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू ओलांडली की माझी सगळ्यात आवडती जागा, स्ट्रायव्हर्स रो. १३८ आणि १३९ स्ट्रीटवरच्या घरांच्या रांगा, १८९१ ते ९३ मध्ये बांधलेल्या. घरं विकली जात नव्हती, काही रिकामी पडली, तरी मालक कंपनीने ब्लॅक गिऱ्हाइकांना साधारण १९१९ पर्यंत दिली नाहीत. मग देऊ लागले ते साधारण ८ हजार डॉलरला एक. डॉक्टर, वकील, संगीतकार, राज्यातला लायसन्स मिळालेला पहिला ब्लॅक आर्किटेक्ट व्हर्टनर टँडी, असे लोक आले. स्ट्रायव्हर म्हणजे धडपड्या, वर यायला धडपडणारा, नाव शेजारपाजारच्यांनी दिलेलं, थोडं कौतुक थोडा टोमणा. घरांच्या मागून गल्ली जाते, तिच्या तोंडाशी विटांचे खांब आहेत आणि त्यावर अजून अक्षरं आहेत, 'प्रायव्हेट रोड, वॉक युअर हॉर्सेस'. घोडे दौडवू नका, चालवत न्या. आत आता गाड्या लावलेल्या असतात. फोटो काढायचा तर त्या खांबाचा काढा, घरांच्या खिडक्यांचा नको.

आणि पायऱ्यांवर बसू नका. त्या पायऱ्यांना स्टूप म्हणतात, आपला ओटाच तो, आणि परक्याच्या ओट्यावर आपण न विचारता बसतो का? मला हे कसं कळलं तर साताऱ्याच्या एक काकू एका स्टूपवर टेकल्या आणि त्यांनी डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी पुढे बोलत होते, लक्षच नाही. दार उघडून सत्तरीच्या बाई बाहेर आल्या. मी धावत गेले माफी मागायला. त्या म्हणाल्या, बसू दे तिला, पण मला आधी विचारायला हवं होतंस तू, तिने नाही. म्हणजे चूक गाईडची, बरोबर होतं त्यांचं. काकूंनी चटणी पुढे केली, बाईंनी बोटाने चाखली, खोकल्या, आणि मग दहा मिनिटं या घराबद्दल बोलल्या, आजोबा साउथ कॅरोलायनाहून आले, आधी याच रस्त्यावर कुणाकडे तरी खोली घेऊन राहिले, घर झालं ते आईच्या वेळी. ती माझी त्या वर्षातली सगळ्यात चांगली टूर झाली, पण म्हणून तुम्ही चटणी घेऊन प्रयोग करू नका. फोल्डिंग स्टूल मिळतं हलकं, आईंसाठी ते घ्या.

इथून १२५व्या स्ट्रीटला चालत जायचं नाही, आणखी एक किलोमीटर होतो. सेव्हन्थवरून एम टू बस घ्या. रस्त्यांच्या नावांनी गोंधळाल म्हणून सांगते, पाटीवर माल्कम एक्स बुलेव्हार्ड असतं आणि लोक लेनॉक्स म्हणतात, सेव्हन्थ म्हणजे अ‍ॅडम क्लेटन पॉवेल, एट्थ म्हणजे फ्रेडरिक डग्लस, १२५वी म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. आपल्याकडे पण पाटीवर एक आणि तोंडात एक असतंच.

उतरलात की कोपऱ्यावरची पांढरी उंच इमारत म्हणजे हॉटेल थेरेसा, १९१३ चं, आता ऑफिसं आहेत. ब्लॅक वस्तीच्या मधोमध असून १९४० पर्यंत ब्लॅक गिऱ्हाइकाला खोली मिळायची नाही. वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सभेला आलेला क्यूबाचा फिडेल कॅस्ट्रो आधीच्या हॉटेलशी भांडून सगळा लवाजमा घेऊन इथे राहायला आला. ब्लॅक नेते माल्कम एक्स रात्री भेटायला आले, सोव्हिएत रशियाचे ख्रुश्चॉव्ह आले, आणि पंडित नेहरूही आले होते. हे सांगितलं की आपल्या ग्रुपमध्ये नेहमी एकजण तरी मान वर करून खिडक्या मोजायला लागतो.

त्याच रस्त्यावर पुढे अपोलो थिएटर. १९१४ मध्ये बांधलं तेव्हा ब्लॅक प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, १९३४ मध्ये अपोलो म्हणून उघडलं ते सगळ्यांसाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सतरा वर्षांची एक बेघर मुलगी नवशिक्यांच्या रात्री नाचायला म्हणून स्टेजवर आली, आधीच्या बहिणींचा नाच बघून घाबरली आणि नाचायच्या ऐवजी गायली, पहिलं बक्षीस मिळालं. तीच पुढची मोठी जॅझ गायिका, एला फिट्झजेराल्ड. आणि जवळजवळ समोरच्या बाजूला ती दुकानाची इमारत, जिथे किंगना भोसकलं. त्याच दुकानावर १९३४ मध्ये बहिष्कार घातला होता, गिऱ्हाईक आम्ही चालतो तर काउंटरवर नोकरीला का नाही म्हणून, आणि दुकानाला नमावं लागलं. कॉटन क्लब या जुन्या जॅझ क्लबचं बरेच जण विचारतात, वर १४२व्या स्ट्रीटवर होता, तिथे वाजवणारे ब्लॅक आणि टेबलावर बसणारे गोरे. आता तिथे बघायला काही नाही, गुडघ्यांना त्रास देऊ नका.

बोलण्याबद्दल एक गोष्ट, ही कुठल्याच टूरच्या पानावर नसते. बाबांच्या पिढीने जी मराठी पुस्तकं वाचली त्यात 'निग्रो' हा शब्द सर्रास आहे, त्यांच्या मनात त्यात काही वाईट नसतं. पण तुम्ही फुटपाथवर मराठीत बोलत असताना आजूबाजूच्यांना कळणारा तो एकच शब्द असतो. घरून निघतानाच सांगा, 'ब्लॅक' म्हणा किंवा 'कृष्णवर्णीय', आणि सवयीने निघालाच तोंडातून तर चारचौघांत टोकू नका, बाबांना वाईट वाटेल. आपल्या इथल्या पोरांमध्ये जो 'कल्लू' चालतो तो मात्र घरातसुद्धा नको, तो अजाणतेपणी निघत नाही.

दुसरं, बाबा मध्येच गाईडला सांगायला जातील की हे आमच्याकडच्या जातीसारखंच. सांगू द्या, फक्त शेवटी. आधी त्यांचं पूर्ण ऐकून घेऊन मग. कारण सारखं आहे तेवढंच वेगळंही आहे, इथे माणूस विकत घ्यायची वस्तू होती, या न्यूयॉर्क राज्यातसुद्धा १८२७ पर्यंत. आणि गाईडला आपल्याकडचं ऐकायला आवडतं असा माझा अनुभव आहे, जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे ऐकून माझा एक गाईड मित्र साल दोनदा विचारून वहीत लिहून घेत होता. दलित पँथरचं नाव कुठून आलं ते तर बाबाच सांगतील.

बाबासाहेबांचं म्हणाल तर कोलंबिया विद्यापीठ तिथून जवळच, मॉर्निंगसाइड पार्कच्या वरच्या टेकाडावर, १९१३ ते १६ ते तिथे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की ते रोज हार्लेममध्ये जाऊन बसायचे वगैरे, मी टूरमध्ये असलं काही सांगत नाही, कागदावर आहे तेवढंच सांगते, आणि तेच पुरेसं आहे. १९४६ मध्ये त्यांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं, की अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं ऐकलं, त्याची प्रत मिळेल का, आम्हीही अस्पृश्यांसाठी तसा विचार करतोय. द्युबॉइसनी जुलैअखेर उत्तर दिलं, तुमचं नाव मला माहीत आहे, मिळवून पाठवतो. द्युबॉइस तेव्हा हार्लेमच्या वरच्या टोकाला, एजकोंब अ‍ॅव्हेन्यूवर राहायचे. कॅम्पसमध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे पण आत जायचे नियम बदलत असतात, आधी बघा, आणि त्याच दिवशी कोंबू नका, तो दिवस वेगळा ठेवा.

रविवार का नको ते राहिलं. चर्चला जायचंच असेल तर प्रार्थनेला म्हणून जा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दीड-दोन तास, फोन बंद, कपडे नीटनेटके. टूरवाले गाणी झाली की प्रवचनाच्या आधी ग्रुप उठवतात, आणि मागची अख्खी रांग खडबडत बाहेर जाते. कीर्तनाच्या मध्ये चाळीस माणसं कॅमेरे घेऊन उठून गेली तर बुवांना कसं वाटेल. शिवाय रविवारी शोम्बर्ग बंद असतं. शनिवार सकाळ घ्या, दहा-साडेदहा.

सेफ आहे का याचं उत्तर दोन ओळींत: दिवसा, गजबजलेल्या रस्त्यांवर, न्यूयॉर्कमध्ये इतरत्र घेता तेवढी काळजी घ्या. नऊ वर्षांत माझ्या ग्रुपमधल्या एकाचीच वस्तू हरवली, छत्री, ती पण बसमध्ये विसरली म्हणून.

गाईड निवडताना इमेल करून दोनच गोष्टी विचारा, किती जागांवर थांबता आणि ग्रुप केवढा असतो. दहाच्या वर जागा असतील किंवा पंधराच्या वर माणसं असतील तर आईंना झेपणार नाही. गुडघ्यांचं आधीच सांगा, चांगला गाईड स्वतःच रस्ता बदलतो. माझा वरचा रस्ताच हवा असा हट्ट धरू नका, त्याचा धागा दार नसेल, संगीत असेल, त्याचं ऐका. 'फ्री' लिहिलेली टूर असली तरी शेवटी द्यायचे असतातच, आणि पैसे भरलेल्या टूरवरही पंधरा-वीस टक्के टिप वर द्यायची पद्धत आहे.

कुणीच मिळालं नाही तर आपलं आपण करा, वर लिहिलंय तेवढं पुरतं. परत जाताना १२५व्या स्ट्रीटवरून एट्थच्या पुढे सेंट निकलस अ‍ॅव्हेन्यूला ए ट्रेन घ्या, सरळ पेन स्टेशन, लिफ्ट दोन्हीकडे आहे. जेवण लेनॉक्सवर १२६-१२७च्या मध्ये सिल्व्हियाज मध्ये होईल, १९६२ पासूनचं आहे, पण आई शाकाहारी असतील तर पालेभाजीतसुद्धा मांस घातलेलं असू शकतं, ऑर्डर देण्याआधी विचारा. मॅक अँड चीज आणि कॉर्नब्रेडवर निभावतं. कॉर्नब्रेड बघून माझ्या आईचा पहिला प्रश्न होता, मक्याची भाकरी गोड का केलीय यांनी.